मॅटर

निरनिराळ्या कारखानदारांचे दिवे, कुलुपे, पडदे व तापनियंत्रक एकाच घरात एकाच हुकमतीखाली चालावेत, यासाठी ठरविलेला तांत्रिक संकेत. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल व झिगबी अलायन्स यांनी डिसेंबर २०१९ मध्ये हे कार्य जाहीर केले. मे २०२१ मध्ये त्यास प्रस्तुत नाव मिळाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिली आवृत्ती निघाली.

मॅटरच्या पूर्वी, स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये सिद्ध केलेली एक्स-१० पद्धती घरातील विजेच्या तारांतूनच आज्ञा धाडीत असे. १६ गृहाक्षरे व प्रत्येकाखाली १६ क्रमांक, असे तिचे अवघे २५६ पत्ते. आणि आज्ञा कोणाची आहे याची विचारपूस करण्याची तजवीजच नसल्यामुळे, त्याच रोहित्रावरील शेजाऱ्याने तेच अक्षर निवडले असता त्याने कळ दाबावी आणि दिवा आपल्या दिवाणखान्यातला लागावा, असे प्रकार घडत. पुढील बिनतारी पद्धतींत भाऊबंदकी वाढली. एका झिगबीतच होम ऑटोमेशन व लाइट लिंक अशी दोन घराणी नांदली, आणि हा कज्जा मिटण्यास झिगबी ३.० यावे लागले.

मॅटरने नवीन लहरींचा शोध लावला नाही, हेच त्याचे शहाणपण होय. इथरनेट, वाय-फाय व अल्पशक्तीवर चालणारे थ्रेड या वाहकांवर इंटरनेटचीच सहाव्या आवृत्तीची पत्तापद्धती योजून, कोणत्या जातीच्या उपकरणाने कोणत्या आज्ञा पाळाव्यात एवढेच त्याने मुक्रर केले. नव्या दिव्यावरील क्यूआर चिन्ह टिपले, अथवा ११ अंकी संकेतांक भरला, की प्रथम कारखान्याचा दाखला तपासला जातो. तो खरा ठरल्यावर त्या घरातील नियंत्रणव्यवस्थेची स्वतंत्र सनद दिव्यास मिळते व पुढील व्यवहार बाहेरच्या इंटरनेटवाचूनही घरातल्या घरात चालू शकतो. अशा किमान ५ सनदा प्रत्येक उपकरणास बाळगता आल्या पाहिजेत, असा दंडक असल्याने एकच दिवा अ‍ॅपल व गूगल या दोहोंचा ताबेदार होऊ शकतो.

शीतकपाटे व झाडू मारणारी यंत्रे ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीत दाखल झाली. तथापि संकेतात समाविष्ट झालेली प्रत्येक गोष्ट गृहनियंत्रणाचे अ‍ॅप पुरविणाऱ्या कंपन्या तत्काळ स्वीकारतातच असे नाही, आणि खरी अडचण उपकरणांपेक्षा या मक्तेदारांचीच आहे. झिगबी व झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतींच्या जुन्या उपकरणांस मात्र या दरबारात स्वतः प्रवेश नाही. त्यांची वकिली सेतुयंत्राने करावी लागते.