लालिबेला : खडकातून निघालेली ख्रिस्तमंदिरे

वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कळसापासून पायाकडे मंदिर घडविणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळी आपल्या काळ्या खडकात जे घडले, त्याच जातीचे एक आश्चर्य पुढे आफ्रिकेतील इथिओपिया देशी घडले. या दोहोंचा काही संबंध जोडावा असा आमचा हेतू नाही. परंतु कैलास डोळ्यांपुढे असला म्हणजे लालिबेला समजणे मराठी वाचकाला सोपे जाते, एवढेच. तेथे खडकातून कोरून काढली आहेत ती ख्रिस्तमंदिरे. आणि तीही एकदोन नव्हेत, अकरा.

इथिओपियाच्या उत्तर भागातील डोंगराळ प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० मीटर उंचीवर लालिबेला हे गाव वसले आहे. त्याचे जुने नाव रोहा. येथील खडक ज्वालामुखीतून निर्माण झालेला, तांबूस आणि छिन्नीला तुलनेने सोपा. कारागिरांनी प्रथम जमिनीत चोहोबाजूंनी खोल चर खणले आणि मधला प्रचंड शिलाखंड मोकळा केला. मग वरून आरंभ करून छप्पर, खिडक्या, दारे असे करीत ते खाली उतरले आणि आतला दगड पोखरून खांब, कमानी व गाभारे मोकळे केले. अशा कामात चुकीला जागा नसते. बांधकामात बिघडलेला चिरा काढून दुसरा बसविता येतो. येथे एकदा उडालेला टवका परत येत नाही. पावसाचे पाणी साचून पाया कुजू नये म्हणून चरांना उतार दिलेला आहे, निचऱ्याच्या वाटा काढलेल्या आहेत. श्रद्धेइतकीच व्यवहाराची जाणही या लोकांपाशी होती.

'बेते' म्हणजे घर. बेते मेधाने आलेम, म्हणजे जगाच्या तारकाचे घर, हे यांतील सर्वांत मोठे मंदिर. त्याची लांबी ३३ मीटरांहून अधिक आहे. बेते मरियम हे पवित्र मरियेचे घर. सर्वांपासून दूर एकटे उभे असलेले बेते गियोर्गिस, म्हणजे संत जॉर्जचे मंदिर, तर क्रुसाच्याच आकारात कोरलेले आहे. त्याचे छप्पर भोवतालच्या जमिनीच्या पातळीवर असल्याने दुरून येणाऱ्याला मंदिर दिसतच नाही. अगदी कडेशी आल्यावर पायाखालच्या खड्ड्यात क्रूस उभा असलेला दिसतो. गावातील ओढ्याला यार्देन हे नाव आहे आणि एका मंदिराला गोलगोथा. यरुशलेमची यात्रा दुर्घट झालेल्या लोकांनी आपल्याच डोंगरात यरुशलेम उभारले, अशी परंपरा आहे.

या मंदिरांचे श्रेय परंपरेने झाग्वे घराण्यातील राजा लालिबेला यास दिले जाते. बाराव्या शतकाचा शेवट आणि तेराव्याचा आरंभ हा त्याचा काळ. काही मंदिरांचे काम त्याच्याही पूर्वी कित्येक शतके सुरू झाले असावे, असे संशोधकांपैकी काहींचे मत आहे. लोककथा मात्र सांगते की दिवसा माणसे खपत आणि रात्री देवदूत येऊन त्यांचे काम पुढे नेत. ही कथा आम्हांला गोड वाटते; पण तिच्यात एक धोकाही आहे. देवदूतांचे श्रेय सर्वांच्या लक्षात राहते आणि दिवसभर छिन्नी चालविणाऱ्या माणसांचे एकही नाव उरत नाही. पुढे काही लेखकांनी तर देवदूतांच्या जागी युरोपातील क्रूसयोद्ध्यांना आणून बसविले. एवढे थोर काम आफ्रिकेतील लोकांनी स्वतः केले असेल, हे त्यांना पटेना. या कल्पनेला कसलाही आधार नाही.

युरोपला या मंदिरांचे सविस्तर वर्णन प्रथम दिले ते फ्रान्सिस्को आल्वारेस या पोर्तुगीज धर्मगुरूने. येथे आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. १५१२ साली इथिओपियाच्या राणी एलेनीचा दूत मॅथ्यू गोव्यास आल्बुकर्कपाशी पोहोचला होता. त्यातूनच पुढे १५२० साली गोव्याहून निघालेल्या आरमाराबरोबर आल्वारेस व त्याचे सोबती इथिओपियात उतरले. तो तेथे सहा वर्षे राहिला. १५४० मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने लालिबेलाची मंदिरे वर्णिली. आणि यापुढे लिहिले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, या भीतीने देवाची शपथ घेऊन आपले लिहिणे खरे असल्याची ग्वाही दिली.

आल्वारेसला अचंबा वाटावा असे केवळ दगडच तेथे नव्हते. ज्या काळी युरोपातील अनेक देशांना ख्रिस्ताचे नावही ठाऊक नव्हते, त्या चौथ्या शतकात इथिओपियाच्या अक्सुम राज्याचा राजा एझाना ख्रिस्ती झाला होता. फ्रुमेन्तियुस हा तीर नगरीचा तरुण दैवयोगाने त्या देशी पोहोचला, राजदरबारी वाढला आणि पुढे अलेक्झांड्रियाच्या संत अथानासियुसने त्यास बिशपपदाची दीक्षा दिली. एझानाच्या नाण्यांवर पूर्वी चंद्रकोर असे, तेथे क्रूस आला. श्रद्धा अशी बाहेरून आली, हे खरे. त्या ख्रिस्तसभेचा प्रमुख धर्माचार्यही पुढे सुमारे सोळा शतके इजिप्तहून येत असे. तिला आपला स्वतंत्र कुलगुरू मिळाला तो १९५९ साली. तरीही तिची उपासना गीझ या त्या भूमीच्या प्राचीन भाषेत, तिचे ढोल तिचे, तिची वस्त्रे तिची.

याची दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सतराव्या शतकात येशूसंघीयांच्या प्रयत्नाने सम्राट सुसेन्योस कॅथलिक झाला. परंतु १६२५ साली तेथे गेलेल्या कुलगुरू आफोन्सो मेंदेश यांनी देशी चालीरीती मोडून लॅटिन पद्धती लादण्याचा आग्रह धरला. देश पेटला, रक्त सांडले; १६३२ मध्ये सम्राटाने जुनी उपासना परत दिली आणि सिंहासन सोडले. मेंदेश यांना देशाबाहेर घालविण्यात आले. पुढे गोव्यात त्यांचे निधन झाले. हेतू शुद्ध होता. पण जे घर खडकातूनच निघावयाचे, ते बाहेरच्या विटांनी बांधावयास ते गेले.

लालिबेला हे आजही केवळ प्रेक्षणीय स्थळ नाही. १९७८ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत घेतले. ऊनपावसाने झिजणाऱ्या काही मंदिरांवर आता संरक्षक छपरे उभारली आहेत. २०२१ साली टिग्रेच्या युद्धात हे गाव काही महिने लढणाऱ्यांच्या ताब्यात सापडले होते. तरीही ७ जानेवारीस तेथील नाताळ येतो, तेव्हा शुभ्र वस्त्रे ल्यालेले हजारो यात्रेकरू कित्येक मैल पायी चालत येतात आणि खडकाच्या कडांवर धर्मगुरूंचे गायन रात्रभर चालते.

हे वाचताना आम्हांला वसईचा किल्ला आठवतो. १७३९ नंतर ओस पडलेल्या तेथील चर्चच्या भिंती आज झाडांनी वेढलेल्या आहेत. पोर्तुगीज सत्ता गेली; किल्ल्यातील घंटा गेल्या; पण भोवतालच्या वाड्यांतील श्रद्धा गेली नाही. ती शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या बोलीत, लग्नातल्या गाण्यांत, इथल्याच धर्मगुरूंच्या मुखात रुजली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साबलीत मराठी आली, तेव्हा वेदीनेही तीच बोली बोलावयास आरंभ केला. तुमचा धर्म परका, असे आपल्याला कधी तरी कोणी म्हणते. त्याला उत्तर वादाने देता येत नाही. लालिबेलाच्या अनामिक पाथरवटांनी ते दिले तसेच द्यावे लागते : आपल्याच खडकात, आपल्याच हातांनी.