घरच्या मत्स्यपेटीत गोल्डफिश किती ठेवावेत?

मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर), खास प्रतिनिधी : दिवाणखान्यात काचेची मत्स्यपेटी असावी, तीत सोनेरी मासे विहरावेत, ही हौस आता केवळ शहरांपुरती राहिलेली नाही. मुलांचा हट्ट असतो, घरातील मोठ्यांना शोभा हवी असते. दुकानातून दोन फुटी पेटी येते आणि तिच्यासोबत अर्धा डझन, कधी कधी थेट नऊ गोल्डफिश येतात. आठ-दहा दिवसांत एकेक मासा पाण्यावर तरंगू लागतो. ‘आमच्याकडे मासे टिकत नाहीत’ असे म्हणून पेटी माळ्यावर जाते. वास्तविक दोष नशिबाचा नसून गणिताचा असतो.

नऊ हा आकडा आला कोठून?

फेंगशुईच्या पुस्तकांनी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे शुभ ठरविले. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. परंतु पाण्याला शुभाशुभ कळत नाही. हा मासा मूळचा चीनचा. तेथे सोंग राजवटीच्या काळात (९६० ते १२७९) तो बागांतील तळ्यांत जोपासला गेला. घरातील भांड्यांत तो प्रामुख्याने मिंग राजवटीत आला. तळ्यात नऊ मासे सुखाने राहतात; दोन फुटी पेटीत ते एकमेकांचे जीव घेतात, तेही न भांडता.

मासा लहान, पसारा मोठा

दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्डफिश हे पिल्लू असते. हा कार्प कुळातील मासा आहे. ओरांडा, ब्लॅक मूर, फॅनटेल हे दुहेरी शेपटीचे गोलसर प्रकार १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. कॉमेट, शुबुनकिन हे एकेरी शेपटीचे लांबट प्रकार २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जातात. ‘पेटीएवढाच मासा वाढतो’ ही समजूत चुकीची आहे. लहान पेटीत त्याची वाढ खुंटते ती दूषित पाण्यामुळे, आणि त्याबरोबर आयुष्यही घटते. चांगली निगा राखल्यास गोल्डफिश १० ते १५ वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगला होता.

गोल्डफिशला जठर नसते. तो सतत खातो व सतत घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो आणि हा अमोनिया त्याच्याच जिवावर उठतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच पहिल्या दिवशी पेटी भरून मासे आणणे घातक ठरते.

पाण्याचे गणित

दुकानात पेटी फुटांत विकली जाते. लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार केल्यास घनफूट मिळतात. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. वाळू, खडे व वरची मोकळी जागा यांसाठी त्यातून १५ टक्के वजा करावेत. दुहेरी शेपटीच्या पहिल्या माशासाठी ७५ लिटर आणि पुढील प्रत्येकासाठी ४० लिटर, हा व्यवहारात उपयोगी पडणारा ठोकताळा आहे. त्यानुसार :

* २ × १ × १ फूट (सुमारे ४८ लिटर) : कायमस्वरूपी एकही नको. एक-दोन पिल्ले काही महिने, तेही मोठी पेटी आणण्याची तयारी असेल तरच.
* अडीच × सव्वा × दीड फूट (सुमारे ११३ लिटर) : दोन.
* ३ × दीड × दीड फूट (सुमारे १६२ लिटर) : तीन.
* ४ × दीड × दीड फूट (सुमारे २१६ लिटर) : चार.

लांबट प्रकारांसाठी पेटीपेक्षा अंगणातील सावलीतला हौद उत्तम. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवूच नये. नऊच मासे हवे असल्यास याच हिशेबाने किमान ३९५ लिटर पाणी लागेल.

सोलापूरचा उन्हाळा

वरील आकडे सौम्य हवामानासाठी आहेत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; ३० अंशांना तो साडेसातवर येतो. शिवाय पाण्याचा सामू ८ असताना २० अंशांच्या तुलनेत ३० अंशांना अमोनियाचा विषारी अंश सुमारे दुप्पट होतो. प्राणवायू कमी, विष जास्त, आणि त्यातच वीज गेली की हवेचा पंप बंद. म्हणून मंद्रूप परिसरातील घरांनी कोष्टकातील संख्येतून एक मासा कमी करावा, म्हणजे तीन फुटी पेटीत दोनच ठेवावेत, हे शहाणपणाचे.

वीज गेल्यास खाणे बंद ठेवावे आणि पेटीतलेच पाणी मगाने उंचावरून पुन्हा पुन्हा ओतावे. बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असल्यास उत्तम. पेटी उन्हात ठेवू नये. पृष्ठभागावर पंख्याचा वारा लागू द्यावा. बर्फ एकदम टाकू नये.

पाणी कोणते, किती?

बोअरचे जड पाणी गोल्डफिशला सहसा मानवते. आरओचे पाणी मात्र एकटे वापरू नये. त्यात क्षार नसतात. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असल्यास क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. असे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे अथवा दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे थेंब सांगितलेल्या प्रमाणात घालावेत.

दर आठवड्यास चौथाई पाणी बदलणे आवश्यक. तीन फुटी पेटीसाठी हे सुमारे ४० लिटर, म्हणजे अडीच-तीन घागरी होतात. पाणीटंचाईच्या दिवसांत तेवढे पाणी जमेल का, याचा विचार मासे आणण्यापूर्वीच करावा. काढलेले पाणी वाया जात नाही. नायट्रेटमुळे तुळस व कुंड्यांतील झाडांना ते खतासारखे लाभते.

हे लक्षात ठेवा

* आधी पेटी व फिल्टर, नंतर मासा. पहिला महिना एकच मासा.
* दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे.
* फिल्टरचा स्पंज नळाखाली नव्हे, पेटीतून काढलेल्या पाण्यात धुवावा. अन्यथा उपयुक्त जिवाणू मरतात.
* मासे वर येऊन सतत तोंड उघडझाप करू लागल्यास ताबडतोब काही पाणी बदलावे.
* मासे नकोसे झाले तर ते विहिरीत, भीमा-सीनेच्या पात्रात किंवा कुडलच्या संगमावर सोडू नयेत. परका मासा स्थानिक माशांचे खाद्य व अंडी फस्त करतो, पाणी गढूळ करतो. दुसऱ्या हौशी व्यक्तीस अथवा दुकानदारास ते द्यावेत.

दोन मासे दहा वर्षे जगले, तर ते घरातल्या मुलांबरोबर मोठे होतात. नऊ मासे नऊ दिवसांत मेले, तर मुलांच्या वाट्यास केवळ हळहळ येते.