स्की जमिनीवर, स्की हवेत : स्नोमोबाइलच्या मागच्या सस्पेन्शनचा इतिहास

स्नोमोबाइल या वाहनाला जमिनीवर टेकणारे एकही चाक नसते. पुढे वळण्यासाठी दोन स्की आणि मागे इंजिनाच्या जोरावर फिरणारा रुंद रबरी पट्टा, एवढ्यावर ते बर्फ कापत जाते. तरीही दोन्ही स्की हवेत उचलून केवळ मागच्या पट्ट्यावर धावण्याच्या करामतीला उत्तर अमेरिकेत 'व्हीली' असेच म्हणतात. नसलेल्या चाकाचा हा शब्द रस्त्यावरच्या दुचाकीकडून उसना घेतलेला आहे. तरुणांचे खूळ म्हणून ही करामत बाजूला सारणे सोपे आहे. आम्हांला मात्र असे वाटते की, स्कीवर भार किती असावा, या एका प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांतच या वाहनाचा इतिहास साठवलेला आहे.

या इतिहासाची सुरुवात खेळात नाही, गरजेत आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हॅलकोर्ट या गावी जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांचा १९०७ साली जन्म झाला. बर्फावरून चालणारे वाहन हा त्यांचा किशोरवयापासूनचा ध्यास होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकाराने दगावला. रस्ते बर्फाखाली गेले होते आणि मुलाला रुग्णालयात वेळेत नेईल असे वाहन नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी रबराने मढवलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा ही रचना सिद्ध केली. १९३७ साली तिला पेटंट मिळाले. त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या बंदिस्त गाड्यांतून डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले ये-जा करू लागली. अशा गाडीचे पुढचे टोक उचलले जाणे हा निव्वळ दोष होता. आत रुग्ण असताना गाडी वळली पाहिजे, आणि वळण्यासाठी स्की बर्फात रुतलेली पाहिजे.

१९४८ साली क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हटवणे सक्तीचे केले आणि या मोठ्या गाड्यांची मागणी झपाट्याने घसरली. ज्या अडचणीतून वाहन जन्मले ती अडचणच शासनाने दूर केली. बोम्बार्डिए यांनी मग लहान वाहनाकडे मोर्चा वळवला. १९५९ साली बाजारात आलेली 'स्की-डू' ही धर्मोपदेशक, शिकारी आणि दूरच्या वस्त्यांतील माणसे यांच्यासाठी कुत्र्यांच्या घसरगाडीला पर्याय म्हणून योजलेली होती. प्रत्यक्षात तिला डोक्यावर घेतले ते सुट्टीच्या दिवशी बर्फात हुंदडू पाहणाऱ्या मध्यमवर्गाने. तिकडे मिनेसोटात पोलॅरिस आणि आर्क्टिक कॅट हे उद्योग उभे राहिले. १९७० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला सुमारे ५ लाख वाहने विकली जात होती.

याच काळात पट्ट्याच्या पोटात एक शांत क्रांती झाली. आरंभीच्या वाहनांत स्प्रिंगांवर बसवलेल्या छोट्या चाकांच्या जोड्या पट्टा खाली दाबून धरीत. त्यांच्या जागी दोन लांब पट्ट्यांसारख्या दांड्या आल्या. त्यांच्या तळाशी प्लॅस्टिकची चिवट पट्टी असते आणि रबरी पट्टा तिच्यावरून घसरत फिरतो. घर्षणाची उष्णता बर्फच शमवतो. कोरड्या, टणक बर्फावर ही पट्टी तापून झिजते, हा या रचनेचा जुना आजार. परंतु या 'स्लाइड रेल'मुळे मागचा सगळा सांगाडा एकसंध झाला आणि त्याचा कोन हवा तसा बदलणे शक्य झाले.

व्हीलीचे मर्म येथे आहे. स्की केवळ इंजिनाच्या ताकदीने उचलल्या जातात, हा सार्वत्रिक समज अपुरा आहे. वेग वाढताना वाहनाचा भार मागे सरकतो, हे खरे. पण तो किती सरकू द्यायचा, हे मागचे सस्पेन्शन ठरवते. दांड्या वाहनाला पुढच्या आणि मागच्या अशा दोन भुजांनी जोडलेल्या असतात. पुढच्या भुजेला 'लिमिटर' नावाची एक पट्टी बांधलेली असते. ती आखूड केली की भुजा फार उघडत नाही, स्कीवर भार राहतो आणि वाहन आज्ञाधारकपणे वळते. तीच एक-दोन भोके सैल केली की थ्रॉटल दाबताच भुजा उघडते आणि नाक वर उठते. जोडीला मागच्या स्प्रिंगा मऊ आणि पुढच्या भुजेची स्प्रिंग ताठ केली, तर मागचा भाग खाली बसतो आणि स्की अधिकच हलक्या होतात. सारी करामत अशी काही भोकांच्या आणि स्प्रिंगेच्या काही फेऱ्यांच्या हिशेबात असते.

१९९० च्या दशकात या हिशेबाला नवे वळण मिळाले. जेरार्ड कार्पिक यांच्या 'एम-१०' सारख्या रचनांत पुढच्या आणि मागच्या भुजांची हालचाल एकमेकींना जखडली गेली. मागचा भाग ठरावीक मर्यादेपर्यंत बसला की पुढचा भाग त्याला अडवतो आणि वाहन सपाट राहते. आज व्हीलीची हौस असलेला चालक ही जखडण सैल करतो, तर वळणावळणाच्या मार्गाने दूर जाणारा ती घट्ट ठेवतो. यंत्र एकच असते. आरंभीच्या स्की-डूच्या मोजक्या अश्वशक्तीच्या जागी आता १६० हून अधिक अश्वशक्तीची इंजिने आली आहेत. त्यामुळे या निवडीचे मोल वाढले आहे, कारण स्की हवेत असताना चालकाच्या हातातील दांडी काहीच वळवू शकत नाही.

ही कथा केवळ गरजेकडून खेळाकडे जाणारी सरळ रेषा नाही, याचीही नोंद घ्यायला हवी. पर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात फिनलंडमधील स्कोल्ट सामी समाजाचे चित्र रेखाटले आहे. तेथे स्नोमोबाइल रेनडिअर पाळण्याचे साधन म्हणून आली. ज्यांना ती आणि तिचे इंधन परवडले ते टिकले, ज्यांना परवडले नाही ते हळूहळू कळपांच्या व्यवसायातून बाहेर फेकले गेले. ज्या काळात अमेरिकेत ती रविवारचे खेळणे होत होती, त्याच काळात उत्तर ध्रुवाकडच्या एका समाजात ती विषमतेचे कारण ठरत होती.

म्हणून व्हीलीला उथळपणा म्हणून नाक मुरडणे आम्हांला मान्य नाही, तसेच तिचे निव्वळ कौतुकही पटत नाही. एका बापाने स्की बर्फात रुतवली, कारण पोहोचणे त्याच्यासाठी प्राणांतिक महत्त्वाचे होते. ज्याला कुठे पोहोचायचेच नाही, त्यालाच ती उचलणे परवडते. बर्फ हटवलेले रस्ते, जवळचे रुग्णालय आणि हाताशी असलेली फुरसत यांनी ही मोकळीक दिली आहे. लिमिटरची पट्टी सैल करणाऱ्या हाताला हा वारसा ठाऊक असण्याचे कारण नाही. पण वस्तूंचा इतिहास लिहिणाऱ्याने तो विसरता कामा नये.