प्रश्न देवाला, निर्णय गावाचा

निवडणुकीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत 'जनतेचा कौल' असा मथळा हमखास असतो. हा 'कौल' शब्द अरबीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ शब्द किंवा वचन. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्या रयतेला सरकार सवलतीचे आश्वासन लेखी देत असे, त्याला कौल म्हणत. कोकणात हाच शब्द देवळात गेला. गुरव देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते, ते सारा गाव श्वास रोखून पाहतो. आश्वासनाचा कौल, देवाचा कौल आणि मतपेटीचा कौल, असा या एका शब्दाचा प्रवास आहे. निर्णय अवघड असला की तो एकट्याच्या माथी येऊ नये, कोणीतरी शब्द द्यावा, ही माणसाची जुनी गरज त्यातून दिसते.

विदर्भालाही ही गरज अनोळखी नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, त्याभोवती निरनिराळी धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेले बदल पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, तरी ते ऐकायला शेतकरी लांबून येतात. मात्र भेंडवळचे भाकीत हे ऐकून घ्यायचे असते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या गोंड, माडिया आणि कोलाम गावांत शकुन पाहण्याची जी रीत होती, आणि काही ठिकाणी आजही आहे, तिचे स्वरूप वेगळे आहे. तिथे भविष्य समजून घेण्यापेक्षा निर्णय करण्याला महत्त्व असते. आज आपण या रीतीचा इतिहास पाहू, कारण तिने गावे तारली आहेत आणि माणसे मारलीही आहेत.

रीत दिसायला साधी असते. गावाचा पुजारी, माडियांमध्ये पेरमा, पानावर किंवा सुपात तांदळाचे दाणे टाकतो. दाण्यांच्या जोड्या लावतो. शेवटी दाणा उरला की जोडी पुरी झाली, यावरून होकार-नकार ठरतो. एका उत्तराने भागत नाही. अमुक देव रागावला आहे का? नाही. पूर्वजांपैकी कोणी? नाही. बोललेला नवस राहिला आहे का? असे प्रश्न सुरू राहतात. भोवती बसलेली माणसे मध्ये बोलतात. कोणी म्हणते, गेल्या साली अमक्या देवाला कोंबडा द्यायचा राहिला. कोणी भावाभावांच्या भांडणाचा उल्लेख करते. एरवी जे चारचौघांत बोलता येत नाही, ते या बैठकीत निघते. दाणे काय सांगतात, त्यापेक्षा दाण्यांच्या निमित्ताने माणसे काय सांगतात, हे अनेकदा अधिक मोलाचे असते.

यात पुजारी कोण असावा, याचाही विचार समाजाने केलेला दिसतो. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात राजगोंडांचा अभ्यास केला. १९४८ साली त्यांचा ग्रंथ आला. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा आणि जिवतीचा माणिकगड डोंगराचा भाग त्या वेळी आदिलाबादेत होता. संख्येने आणि मानाने मोठे असलेले राजगोंड स्थानिक देवांच्या पूजेसाठी आणि शकुनासाठी अनेकदा शेजारच्या कोलामांकडे जातात, असे त्यांनी नोंदवले. डोंगरावर वेगळी वस्ती करून राहणारा कोलाम तिथल्या भूमीच्या देवांना अधिक जवळचा, अशी त्यामागची श्रद्धा. व्यवहारात याचा एक फायदा असा की कौल सांगणारा गावातल्या भाऊबंदकीत गुंतलेला नसे. आपल्याकडे लवाद बाहेरचा नेमतात, तोही याच विचाराने.

आता अशा कौलाने कोणते निर्णय होत? पहिला मोठा प्रश्न 'कोठे' हा. भामरागडच्या आणि त्याला लागून असलेल्या अबुझमाडच्या डोंगरांत माडिया लोक पेंडा पद्धतीची शेती करीत. उतारावरची झाडे तोडायची, वाळली की जाळायची, त्या राखेत बी टाकायचे. दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून द्यायची आणि जंगल पुन्हा वाढू द्यायचे. बस्तर संस्थानाचे प्रशासक राहिलेले डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात या शेतीचे तपशीलवार वर्णन केले आहे. अशा शेतीत पुढची जागा निवडणे म्हणजे वर्षाच्या पोटाचा प्रश्न. पाऊस कसा येईल, रानडुकरे कोणत्या बाजूने उतरतील, हे कोणालाच ठाऊक नसते.

ज्याचे उत्तर माहीत नाही, तिथे दाणे टाकून काय साधते? या प्रश्नाला १९५७ साली ओमर खय्याम मूर या अमेरिकन अभ्यासकाने एक विलक्षण उत्तर दिले. कॅनडातल्या लॅब्राडोरचे नास्कापी शिकारी अन्नाची टंचाई असली की कॅरिबू हरणाच्या खांद्याचे हाड निखाऱ्यावर धरतात आणि त्यावर पडलेल्या भेगा-डागांवरून शिकारीची दिशा ठरवतात. मूर म्हणाले, माणूस स्वतः ठरवू लागला तर जिथे मागे शिकार मिळाली तिथेच पुन्हा जातो. जनावरेही मग ती वाट सोडतात. हाड मात्र कोणतीही सवय पाळत नाही. त्यामुळे शिकाऱ्याच्या हालचालींना ठरावीक साचा राहत नाही. पुढे १९९० च्या दशकात मायकेल डोव्ह यांनी बोर्निओतल्या कांटू लोकांच्या फिरत्या शेतीबद्दल असेच लिहिले. पक्ष्यांच्या शकुनावरून जागा निवडल्याने सगळी कुटुंबे एकाच प्रकारच्या जमिनीवर तुटून पडत नाहीत. काही शेते वर, काही खाली राहतात. पूर आला किंवा पाऊस रुसला तरी सगळ्या गावावर एकदम उपासमार येत नाही.

हाच तर्क पेंड्याला लावून पाहता येतो. शकुन चांगली जागा दाखवतो, असे नाही. जागा चांगली की वाईट हे ओळखण्याचे ज्ञान माडियाला मातीवरून आणि झाडावरून असतेच. त्या ज्ञानाच्या पलीकडे जे उरते, तिथे शकुन कामाला येतो. तो भांडण मिटवतो, ठरलेल्या गोष्टीला सगळ्यांची मान्यता मिळवून देतो आणि पीक बुडाले तर 'तू सांगितलेस म्हणून' असे बोट कोणाकडे जाऊ देत नाही.

हे ऐकून आपण शहरी माणसांनी हसू नये. आपल्या निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखी मते पडली तर कायद्याने चिठ्ठी काढतात. तिला आपण 'ईश्वरचिठ्ठी' म्हणतो. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागाचा निकाल असाच चिठ्ठीने लागला. दोन पर्याय अगदी समान असतात, तेव्हा चिठ्ठीइतका निःपक्षपाती पंच दुसरा नाही, हे आपणही मानतो.

दुसरा प्रश्न 'केव्हा' हा. पेरणी केव्हा, शिकार केव्हा, नवे फळ केव्हा खायचे. माडियांच्या पंडुमांमध्ये या प्रश्नांची उत्तरे बांधून ठेवलेली आहेत. विज्जा पंडुम बियाण्याचा, मरका पंडुम आंब्याचा. पंडुम होईपर्यंत आंबा खायचा नाही, म्हणजे कच्ची फळे ओरबाडली जात नाहीत. दिवस कोणता, हे पुजारी आणि गावकरी बसून ठरवतात.

'कोठे' आणि 'केव्हा' या दोन प्रश्नांचे उत्तर चुकले तर सगळा गाव मिळून सोसतो. तिसरा प्रश्न आला की चित्र पालटते. तो प्रश्न 'कोण?' हा. मूल तापाने गेले, कोणी केले? बैल मेले, कोणाची नजर?

कर्नल डाल्टन यांनी १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गोंडांमधली एक चाल नोंदवली आहे. मृत्यू जादूने झाल्याचा संशय आला की नातेवाईक प्रेतालाच गुन्हेगार दाखवायला सांगत. प्रेत खांद्यावर घेतले की ते वाहणाऱ्यांना दोषी माणसाच्या घराकडे ओढत नेते, अशी समजूत होती. तीनदा असे झाले की त्या घराची नासधूस होई आणि घरमालकाला परिसरातून हाकलून देत. बस्तरकडे आंगा देवाच्या ओंडक्यांनाही असेच प्रश्न विचारतात. चार माणसांच्या खांद्यावरचा देव डोलतो, धावतो, एखाद्या दारात थांबतो.

वाहणारे ढोंग करतात का? बहुतेक वेळा नाही, आणि धोका नेमका इथेच आहे. १८५३ साली इंग्लंडमध्ये प्रेतात्म्यांच्या बैठकींचे खूळ माजले होते. टेबलावर हात ठेवून बसले की टेबल आपोआप फिरते, असे लोक शपथेवर सांगत. विजेच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या मायकेल फॅरेडे यांनी एक साधे उपकरण करून दाखवून दिले की टेबलाला बसणाऱ्यांचे हातच ढकलतात, फक्त त्यांना ते कळत नाही. मनात जी अपेक्षा असते, तिच्या दिशेने स्नायू नकळत काम करतात. चार खांदेकऱ्यांचे तसेच होते. गावात ज्याच्याबद्दल आधीच कुजबुज आहे, त्याच्या दाराशी पाय वळतात. आणि कुजबुज कोणाबद्दल असते? एकट्या म्हातारीबद्दल, विधवेबद्दल, जमिनीच्या वादातल्या माणसाबद्दल, गावात ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याच्याबद्दल. जागा निवडताना निःपक्षपाती असणारा कौल इथे सर्वांत दुबळ्याला शोधून काढतो. शिवाय निर्णय देवाचा, म्हणून मारणाऱ्याचे हात स्वच्छ.

हा केवळ इतिहास नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध आणि स्त्रियाही होत्या. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जिवंत जाळण्यात आले. वणी खुर्द हे काही दाट जंगलातले आडवळणाचे आदिवासी गाव नव्हे आणि तिथे मार खाणारे दलित होते. 'कोण' हा प्रश्न एका जमातीचा नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. या कायद्याने पूजा, जत्रा किंवा प्रार्थना यांना हात लावलेला नाही. अमुक माणूस करणी करतो, त्याच्यामुळे रोग येतो किंवा गुरांचे दूध आटते, असे जाहीर करणे हा गुन्हा ठरवला. म्हणजे 'कोठे' आणि 'केव्हा' यांना कायद्याने मोकळे ठेवले आणि 'कोण' या प्रश्नावर बोट ठेवले.

पण कायदा गुन्हा घडल्यावर धावतो. प्रश्न मुळात उठतो तो मूल दगावल्यावर, आणि त्याला उत्तर नसते म्हणून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने या उत्तरावर काम केले. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती, हे मोजावे लागते. निरक्षर सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून वाळूच्या घड्याळाबरोबर मण्यांचे एक साधन तयार केले. ठरावीक श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपेपर्यंत मणी कुठवर गेला, त्यावरून आजार कळतो. पुढे घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगात ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. सुपातले दाणे मोजणे आणि मणी मोजणे, दोन्हीकडे मोजणारी बाई-माणसे त्याच गावची. फरक एवढाच की मण्याचे उत्तर त्या मुलाच्या छातीतून येते. 'कोणी केले' या प्रश्नाच्या जागी 'काय झाले' हा प्रश्न बसतो.

आणि गावाने मिळून निर्णय करण्याची जी चांगली सवय कौलामागे होती, तिचे काय? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे पाहावे. तिथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाहीत. सर्वांची संमती होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा चर्चेला येतो. निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावून माहिती घेतो, मात्र निर्णय ग्रामसभाच करते. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. बांबू कोठे तोडायचा, केव्हा तोडायचा, हे आता गाव ठरवते. जुनेच दोन प्रश्न आहेत, फक्त दाण्यांच्या जागी माहिती आली आहे. एकालाही मागे टाकून पुढे जायचे नाही, हा नियम असल्यामुळे गावातली एकटी म्हातारीही त्या वर्तुळात बसलेली असते, आणि तिच्या संमतीवाचून निर्णय पुरा होत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)