आजीचा उखाणा आणि ४४,१००

मागचा शनिवार-रविवार एका जुन्या व्हीसीडीपायी गेला. १९९९ साली ताईच्या लग्नात आजीने घेतलेला उखाणा तिच्यावर आहे. आजी आता नाही, आणि तिच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंगही घरात नाही. बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी एक छोटी फिल्म जुळवतोय, त्यात तो उखाणा हवाच होता.

डिस्कवरच्या एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल उचलली, एफएफएमपेगने त्यातला आवाज वेगळा काढला आणि मीच लिहिलेल्या एका प्रोग्रामने हवा तो तुकडा कापला. ४० सेकंदांची क्लिप ३७ सेकंदांत संपली! आवाज चिरका, घाईघाईचा. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "ही आई नव्हे रे."

चूक माझीच. कच्च्या ऑडिओत नुसते नमुन्यांचे आकडे असतात. सेकंदाला किती, हे त्यात लिहिलेलं नसतं. मी डीव्हीडीच्या सवयीने ४८,००० धरले. व्हीसीडीवर असतात ४४,१००. म्हणजे आजी ८.८ टक्के जोरात धावली, आणि सूर पेटीवरच्या शेजारच्या पट्टीच्याही पुढे सरकला.

पण ४४,१०० हा असला आडनिडा आकडा आला कुठून?

गंमत अशी की तो व्हिडिओतूनच आला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल आवाज साठवायला परवडेल अशी मोठी जागा म्हणजे व्हिडिओ टेप. सोनीसारख्या कंपन्या आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्राच्या रेघांवर लिहीत. अमेरिकन-जपानी पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ रेघा, दर रेघेत ३ नमुने. करा गुणाकार: ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० × २९४ × ३, पुन्हा तेच! हाच आकडा १९८२ च्या ऑडिओ सीडीत गेला.

१९९३ ची व्हीसीडी सीडीच्याच अंगाखांद्यावर वाढली, म्हणून आकडाही तोच राहिला. फक्त चित्रालाही जागा हवी, म्हणून सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट खाणारा आवाज एमपेग-१ लेयर २ ने दाबून २२४ वर आणला. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या डीव्हीडीने मात्र व्यावसायिक व्हिडिओतला ४८,००० घेतला; मग आवाज पीसीएम असो की डॉल्बीचा एसी-३. हिशेबालाही तो सोयीचा. सिनेमाच्या २४ फ्रेम्सनी भागला की दर फ्रेमला बरोबर २,००० नमुने. ४४,१०० भागा, येतात साडेअठराशेच्या अलीकडे १,८३७.५. अर्धा नमुना ठेवायचा कुठे?

तेव्हा मंडळी, जुन्या डिस्कवरून क्लिप काढणार असाल तर आधी आकडा तपासा. आवाज आहे तसाच बाहेर काढा, मध्येच एमपी-३ करून पुन्हा दाबू नका. ४८,००० हवे असतील तर रीसॅम्पलिंग करा, तेही एकदाच, शेवटी. नुसतं लेबल बदललं की माणूस बदलतं.

मी तसं केलं. रविवारी रात्री बाबांना पुन्हा ऐकवलं. या वेळी पूर्ण ४० सेकंद. संपल्यावर ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव."