पॅडिंग्टन : पाडकामातून वाचलेले सिडनीचे उपनगर

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागापासून पूर्वेस सुमारे ३ किलोमीटर अंतरावर पॅडिंग्टन हे उपनगर वसले आहे. उतारावरील अरुंद रस्ते, एकमेकांना चिकटून उभी असलेली दुमजली घरे आणि त्यांच्या सज्जांना लावलेली बिडाची नक्षीदार जाळी ही त्याची ओळख. आज हे सिडनीतील महागड्या भागांपैकी एक मानले जाते. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याची गणना गलिच्छ वस्तीत होत असे.

वस्तीचा उगम

१८२० च्या दशकात रॉबर्ट कूपर या मद्य उत्पादकाने येथे 'ज्युनिपर हॉल' हा वाडा बांधला. जिन या मद्याला ज्या फळामुळे स्वाद येतो, त्याचेच नाव वाड्याला मिळाले. वस्तीला खरी चालना दिली ती १८४१ ते १८४८ या काळात उभारलेल्या व्हिक्टोरिया बराकींनी. वालुकाश्माच्या या लष्करी इमारतींच्या बांधकामासाठी आलेल्या पाथरवट, सुतार आदी कारागिरांनी जवळच लहान घरे बांधली. १८६० मध्ये पॅडिंग्टनला स्वतंत्र नगरपालिका मिळाली.

घरांची रचना

आज दिसणारी बहुसंख्य घरे १८७० ते १८९० च्या दरम्यानची आहेत. जमिनीचे अरुंद तुकडे पाडून त्यांवर सामाईक भिंतींची घरे रांगेने बांधली गेली. उतारामुळे छपरे पायऱ्यांसारखी खाली उतरत जातात. दर्शनी बाजूस व्हरांडा आणि वर सज्जा अशी ही रचना. 'व्हरांडा' हा शब्द इंग्रजीत भारतातूनच गेला. जाळीचे बीड सुरुवातीस ब्रिटनहून येई; पुढे स्थानिक ओतशाळांत फुले, पाने व नेचे यांच्या आकृती ओतल्या जाऊ लागल्या.

ऱ्हास आणि बचाव

१८९० च्या दशकातील मंदीनंतर सुस्थितीतील कुटुंबे मोकळ्या जागेच्या नव्या उपनगरांकडे वळली. घरांत खोल्या पाडून त्या भाड्याने देण्यात आल्या. १९४८ च्या प्रादेशिक आराखड्यात जुनी घरे पाडून भागाची पुनर्रचना सुचविण्यात आली होती. दरम्यान, दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्या स्थलांतरितांनी आणि कमी भाड्याच्या शोधातील कलावंतांनी या घरांत संसार थाटले व ती दुरुस्त केली. १९६४ मध्ये रहिवाशांनी 'पॅडिंग्टन सोसायटी' स्थापन केली. रस्तारुंदीकरण व पाडकामाला तिने संघटित विरोध केला. येथील जुन्या भूमिगत जलाशयाच्या अवशेषांचेही २००९ मध्ये सार्वजनिक उद्यान झाले.

जतनाची किंमत

पॅडिंग्टनमध्ये आता संरक्षण नियम लागू आहेत. जुन्या घराचे दर्शनी रूप बदलण्यास परवानगी लागते. परंतु घरे वाचली तशा त्यांच्या किमतीही वाढत गेल्या. ज्या मजूर, स्थलांतरित व कलावंतांच्या वास्तव्यामुळे ही घरे पडझडीच्या काळात टिकली, त्यांच्यासारख्यांना आज येथे घर घेणे जवळपास अशक्य आहे. वास्तूंचे जतन करणारे कायदे तेथील रहिवाशांचे जतन करू शकत नाहीत, हे पॅडिंग्टनच्या इतिहासातून स्पष्ट होते.