उंबरातल्या बिऱ्हाडाची कुळकथा

पिकलेलं उंबर फोडलं की आतून बारीक किडे भुरभुर बाहेर पडतात. काही ठिकाणी त्यांना केंबरं म्हणतात. आपण ‘शी!’ म्हणून फळ फेकून देतो. पण हे बिऱ्हाड चोरून घुसलेलं नाही. उंबराच्या आणि केंबरांच्या पूर्वजांची सोयरीक सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी जुळली. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर हिंडत होते!

कोवळं उंबर म्हणजे आत तोंड करून बसलेल्या असंख्य फुलांची बंद थैली. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, ते यामुळेच. थैलीला दार एकच, तेही खवल्यांनी गच्च मिटलेलं. फुलं तयार झाली की उंबर वास सोडतं आणि त्या वासावर केंबराची मादी येते. ही गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, पण जेमतेम दोन मिलिमीटरची. दारातून रेटून शिरताना तिचे पंख तुटतात. आत गेल्यावर ती अंगावरच्या खिशांतून पराग काढून फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते.

अंडी पडलेल्या फुलांत पिल्लं वाढतात, बाकीच्या फुलांत बिया धरतात. आधी नर बाहेर येतात. बिचाऱ्यांना पंखच नसतात. माद्यांशी जोडी जमवायची, भिंत कुरतडून बोगदा पाडायचा आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. माद्या खिसे परागांनी भरून त्या बोगद्यातून उडतात. दुसरं उंबर गाठायला त्यांच्या हातात एखाद-दोन दिवसच असतात.

हे ठरवलं कुणी? कुणीच नाही. ज्या माद्यांचं डोकं जरा चपटं, त्या दारातून सहज शिरल्या. त्यांचीच पिल्लं जास्त जगली. ज्या झाडांचं दार जरा घट्ट, तिथं परके किडे कमी घुसले. त्यांच्या बिया जास्त टिकल्या. दार आवळत गेलं, तशी डोकीही चपटी होत गेली. एकाच्या बदलानं दुसरा बदलतो, याला सहउत्क्रांती म्हणतात.

ही सोयरीक किती जुनी, याची एक खूणही सापडली आहे. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर एक जीवाश्म मिळाला होता. आधी तो मुंगीचा वाटला. पुढे नीट पाहिल्यावर कळलं, ही तर अंजीरवर्गातल्या झाडांवरची माशी, 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीची, आणि तिलाही परागांचे खिसे!

जोडीतला एकच नेला तर काय होतं, ते कॅलिफोर्नियात दिसलं. तिथं 1880च्या दशकात तुर्कस्तानातली स्मिर्ना अंजिरं लावली. झाडं वाढली, फळं मात्र गळून पडायची. 1899 साली माशी आणून वसवली, तेव्हा कुठे अंजिरं पिकली. आपल्या पुरंदरच्या अंजिराला मात्र माशी लागत नाही. ती जात परागांशिवायच फळते. तेव्हा ही अंजिरं बिनधास्त खा.

या संसारात फुकटेही आहेत. काही माशा दाराशी जातच नाहीत. बाहेरूनच, सुईसारखी लांब नळी फळात खुपसून अंडी घालतात आणि पराग मुळीच देत नाहीत. पण हे काम वेळखाऊ असतं. नळी रुतलेली असताना चटकन उडताही येत नाही, आणि उंबराच्या फळांवर फिरणाऱ्या मुंग्या नेमक्या तेव्हाच त्यांना पकडतात.